भर खाडीत मशीन थांबले तर... : होडीच्या इंजिन व चार्जिंगमधील दोषांचे निदान

पेण/रोहा, प्रतिनिधी – मुंबई-गोवा महामार्गावरून जाणाऱ्या प्रवाशाला पेण आणि रोहा हे तालुके डोंगर, भातशेती व कारखाने यांचेच वाटतात. प्रत्यक्षात दोन्ही तालुक्यांना खाडीचे पाणी लागलेले आहे. पेणच्या अंगाला अंबा नदी व धरमतरची खाडी आहे, तर रोह्याच्या अंगाला कुंडलिका व रेवदंड्याची खाडी. एकोणिसाव्या शतकात मुंबईहून धरमतरपर्यंत वाफेवरच्या फेरीबोटी येत असत. आज या पाण्यात मच्छीमारांच्या यांत्रिक होड्या चालतात आणि धरमतर व साळावच्या जेट्टींवर मालवाहू बार्ज लागतात. मुखाशी रेवस व मांडव्याकडे प्रवासी लाँचची ये-जा असते. राष्ट्रीय जलमार्ग अधिनियम, २०१६ नुसार जाहीर झालेल्या १११ जलमार्गांत अंबा नदीचा सुमारे ४५ किलोमीटरचा, तर रेवदंडा-कुंडलिकेचा सुमारे ३१ किलोमीटरचा टप्पा समाविष्ट आहे.

या साऱ्या वाहतुकीचा भार डिझेल इंजिनावर, म्हणजे खाडीकाठच्या बोलीत 'मशीन'वर आहे. रस्त्यात बंद पडलेले वाहन कडेला घेता येते. मशीन थांबलेली होडी मात्र ओहोटी नेईल तिकडे जाते. पुलाचा खांब, खडक, येणारी बार्ज किंवा उघडा समुद्र यांपैकी काय समोर येईल, हे तांडेलाच्या हातात उरत नाही. इंजिनावरील ताबा सुटल्यास काय घडू शकते, याचे दुःखद उदाहरण १८ डिसेंबर २०२४ रोजी मुंबई बंदरात दिसले. इंजिनाची चाचणी सुरू असलेली नौदलाची वेगवान बोट एलिफंटाकडे निघालेल्या 'नीलकमल' या प्रवासी बोटीवर आदळली आणि १५ जणांचा मृत्यू झाला. इंजिनातील बिघाडामुळे नियंत्रण सुटल्याचे नौदलाने त्या वेळी सांगितले होते.

प्राणहानी झाली नाही, तरी एक भरती चुकली की दिवसाची कमाई बुडते, बर्फ वितळतो आणि मासळीचा भाव पडतो. त्यातच घाईघाईने चुकीचा सुटा भाग बदलला, तर खर्च दुप्पट होतो. वास्तविक खाडीत मशीन बंद पडण्याची कारणे फार नसतात. डिझेल, हवा, थंड करणारे पाणी आणि वीज या चार गोष्टींतच बहुतेक दोष सापडतात. ते ठरावीक क्रमाने शोधले, तर पुष्कळदा मिस्त्री येण्यापूर्वीच होडी धक्क्याला लावता येते.

खाडीचा स्वभाव आणि बिघाड

मशीन नेमके अवघड जागीच दगा देते, अशी तक्रार नेहमी ऐकू येते. यात दैवाचा भाग कमी व कारणपरंपरेचा अधिक आहे. टाकीच्या तळाशी साचलेला गाळ व पाणी संथ खाडीत हलत नाही. होडी मुखाशी येऊन लाटांवर डोलू लागली की हा गाळ ढवळून निघतो आणि फिल्टरमध्ये जाऊन बसतो. त्यामुळे तासभर सुरळीत चाललेले मशीन रेवसच्या किंवा रेवदंड्याच्या मुखाशीच अडखळते.

थंड करणाऱ्या पाण्याचीही हीच गत आहे. या किनाऱ्यावर उधाणाच्या दिवसांत भरती-ओहोटीच्या पातळीत सुमारे चार मीटरपर्यंत फरक पडतो. ओहोटीला पाणी उथळ झाले की पंख्याच्या फेऱ्यांनी तळाचा चिखल वर येतो आणि पाणी ओढणाऱ्या नळीत शिरतो. साहजिकच मशीन तापण्याच्या तक्रारी ओहोटीच्या वेळी अधिक असतात.

विजेचा शत्रू मीठ होय. खारट दमट हवेत तांब्याच्या तारेवर हिरवा-काळा थर चढतो व जोड आतून सैल होतात. बाहेरून तार धडधाकट दिसते, पण तिच्यातून पुरेशी वीज वाहत नाही.

आधी नांगर, मग पाना

मशीन थांबताच त्याच्या पेटीचे झाकण उघडण्याची घाई करू नये. पहिले काम नांगर टाकण्याचे आहे. धरमतर किंवा कुंडलिकेच्या पाण्यात नांगराला पुरेसा दोर दिला, तर होडी जागेवर राहते आणि दोष शोधण्यास वेळ मिळतो. सर्वांना जीवरक्षक जाकिटे घालण्यास सांगावे. रात्र असेल तर दिवा लावावा. बार्जच्या वाटेत असल्यास व्हीएचएफच्या १६ क्रमांकाच्या चॅनलवर तसे कळवावे.

त्यानंतर एकच प्रश्न विचारावा. मशीन हळूहळू मंदावत थांबले, की एकदम? फेऱ्या कमी-जास्त होत, खोकत थांबले असेल, तर संशय डिझेलवर घ्यावा. तापमानाचा काटा चढून किंवा वास येऊन थांबले असेल, तर पाण्यावर. एका झटक्यात दणका बसून थांबले, तर पंख्यात जाळे वा दोर अडकला असण्याची शक्यता जास्त. कळ न दाबताच स्वच्छपणे थांबले, तर मशीन बंद करणारी दांडी किंवा तिची विजेवर चालणारी कळ तपासावी. या एका प्रश्नाने निम्मे काम होते.

स्टार्टर फिरतच नाही

चावी फिरवली, पण स्टार्टर फिरला नाही, तर दोष बहुधा विजेचा असतो. त्यासाठी सोपी परीक्षा आहे. केबिनमधील दिवा लावून ठेवावा आणि स्टार्टरची कळ दाबून दिव्याकडे पाहावे.

दिवा पूर्ण विझला, तर बॅटरी उतरली आहे किंवा तिचे टर्मिनल सैल अथवा गंजलेले आहे. दिवा बराच मंदावला आणि 'टक् टक् टक्' असा आवाज आला, तर बॅटरीत स्टार्टर फिरवण्याइतका जोर नाही. दिवा तसाच लखलखीत राहिला आणि काहीच आवाज आला नाही, तर कळ, फ्यूज, गिअर न्यूट्रलमध्ये असल्याखेरीज स्टार्टर फिरू न देणारा स्विच किंवा स्टार्टरवरील सोलेनॉइड यांकडे वळावे. एकच जड 'टक्' आवाज आला आणि दिवा खूप मंद झाला, तर स्टार्टर अडकला असेल किंवा मशीनच फिरत नसेल.

नवी बॅटरी आणण्यापूर्वी टर्मिनल सोडून चकचकीत होईपर्यंत घासावेत आणि घट्ट आवळावेत. बॅटरीपासून मशीनच्या अंगाला जाणारी ऋण बाजूची जाड तारही तपासावी. तिच्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही, आणि 'बॅटरी खराब' म्हणून येणाऱ्या कितीतरी तक्रारींचे मूळ या तारेच्या गंजलेल्या टोकाशी असते.

मशीन फिरत नसेल, तर स्टार्टर पुन्हा पुन्हा दाबणे धोक्याचे असते. सिलिंडरमध्ये पाणी शिरले असल्यास ते दाबले जात नाही. दांडी वाकते आणि मशीन कायमचे निकामी होऊ शकते. धुरासोबत पाणी बाहेर टाकणाऱ्या मशीनमध्ये हा धोका अधिक असतो. मशीन न लागता बराच वेळ स्टार्टर मारत राहिल्यास पंप पाणी ओढतच राहतो, सायलेन्सर भरतो आणि पाणी उलट सिलिंडरमध्ये येते. म्हणून एका वेळी १० ते १५ सेकंदांहून अधिक स्टार्टर मारू नये. मध्ये किमान एक मिनिट थांबावे. काही प्रयत्नांनंतरही मशीन लागले नाही, तर बाहेरून पाणी घेणारी तोटी तात्पुरती बंद करावी. मात्र मशीन लागताच ती उघडण्यास विसरू नये.

स्टार्टर फिरतो, पण मशीन लागत नाही

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. दाबलेल्या हवेच्या उष्णतेने डिझेल पेटते. स्टार्टर जोमाने फिरत असूनही मशीन लागत नसेल, तर डिझेल नोझलपर्यंत पोहोचत नाही, असे गृहीत धरून टाकीपासून पुढे क्रमाने जावे.

१. मशीन बंद करणारी दांडी ओढलेली राहिली आहे का, हे पाहावे. ही चूक अनुभवी माणसाकडूनही होते.

२. टाकीत डिझेल आहे का, हे काठी घालून पाहावे. काट्यावर विसंबू नये. टाकीची तोटी उघडी आहे का आणि टाकीला हवा घेण्यासाठी असलेले छिद्र बुजले आहे का, हेही बघावे.

३. पाणी वेगळे करणाऱ्या फिल्टरच्या वाटीतील तळाचे पाणी सोडावे. डिझेल हलके व पाणी जड असल्याने पाणी खाली बसते. ते एका काचेच्या बाटलीत घेतल्यास दोहोंमधील रेघ स्पष्ट दिसते.

४. फिल्टर काळवंडलेला किंवा बुळबुळीत झाला असल्यास बदलावा. जुन्या टाकीत डिझेल व पाणी यांच्या सीमेवर सूक्ष्म जीव वाढतात. हा बुळबुळीत थर त्यांचाच असतो.

५. शेवटी मशीनने 'एअर धरली' आहे का, हे तपासावे.

नळीत हवेचा बुडबुडा शिरला की डिझेल पंपाचा दाब त्या बुडबुड्यावरच खर्च होतो. हवा शिरणारी जागा शोधणे अवघड असते. टाकी ते पंप या ओढीच्या बाजूला गळतीतून डिझेल बाहेर येत नाही, उलट हवा आत जाते. त्यामुळे जोड कोरडा दिसूनही दोषी असू शकतो. फिल्टर बदलल्यानंतर नीट न बसलेला वायसर आणि कडक झालेली रबरी नळी ही त्याची नेहमीची ठिकाणे होत.

एअर काढण्याची रीत अशी : फिल्टरच्या डोक्यावरील स्क्रू थोडा सैल करून हाताने चालणारा छोटा पंप मारावा. प्रथम फेस येतो, मग बुडबुड्यांविना सलग डिझेल येते. तसे येताच स्क्रू आवळावा. हीच कृती डिझेल पंपावरील स्क्रूवर करावी. तरीही मशीन न लागल्यास नोझलकडे जाणाऱ्या नळ्यांचे नट एकेक करून किंचित सैल करावेत, स्टार्टर मारावा आणि डिझेल दिसताच नट घट्ट करावेत. या वेळी नळीच्या तोंडाशी बोट धरू नये. नोझलच्या दाबाने उडणारी डिझेलची बारीक धार त्वचा भेदून आत जाते. जखम टाचणीएवढी दिसली, तरी त्यावर तातडीने रुग्णालयात उपचार घ्यावे लागतात. अलीकडच्या इलेक्ट्रॉनिक मशीनमध्ये हा दाब कितीतरी पटींनी अधिक असल्याने त्यांच्या नळ्यांना स्वतः हातच लावू नये.

मशीन तापते

मशीनला थंड ठेवण्याच्या दोन पद्धती आहेत. काही होड्यांत खाडीचे पाणी थेट किंवा उष्णता घेणाऱ्या नळकांड्यातून फिरवले जाते. काहींत आतले गोडे पाणी तळाबाहेरील नळीतून फिरून थंड होते. पहिल्या प्रकारात गाळ आणि प्लॅस्टिक यांचा त्रास जास्त असतो.

मशीन चालू करताच बाहेर पडणारे पाणी पाहण्याची सवय लावून घ्यावी. रोजची धार किती असते हे ठाऊक असेल, तर ती कमी झाल्याचे तापमानाच्या काट्याआधी डोळ्यांना कळते. धार मंदावली असल्यास प्रथम तोंडाची जाळी पाहावी. पिशवीचा तुकडा, शेवाळ किंवा चिखल तेथेच अडकतो. जाळी स्वच्छ असेल, तर पाण्याच्या पंपातील रबरी पंखा, म्हणजे इम्पेलर, तपासावा. तो कोरडा फिरला तर थोड्याच वेळात त्याची पाती फाटतात. फाटलेल्या पात्यांचे तुकडे पुढे नळ्यांत अडकतात, म्हणून नवा इम्पेलर बसवताना जुन्याची पाती मोजावीत आणि गहाळ तुकडे शोधून काढावेत.

धार व्यवस्थित असूनही मशीन तापत असेल, तर आतल्या पाण्याची पातळी, पट्टा आणि थर्मोस्टॅट यांकडे पाहावे. पंख्यात गुंतलेल्या जाळ्यामुळेही मशीनवर भार येऊन ते तापते. पंखा मोकळा करण्यासाठी पाण्यात उतरणाऱ्याने मशीनची चावी स्वतःजवळ ठेवावी. हा नियम मोडल्यास जिवावर बेततो. तापलेल्या मशीनचे पाण्याचे झाकण लगेच उघडू नये, उकळती वाफ अंगावर येते. लाल झालेल्या मशीनवर खाडीचे गार पाणी ओतू नये, हेड तडकते.

तेलाची काठी काढून पाहणेही आवश्यक आहे. तेल दुधाळ, चहासारखे दिसले तर त्यात पाणी मिसळले आहे. असे मशीन चालवणे म्हणजे बेअरिंगचा बळी देणे होय. अशा वेळी मशीन बंद ठेवून दुसऱ्या होडीकडून ओढून नेणे हाच स्वस्त मार्ग.

धूर काय सांगतो

काळा धूर म्हणजे डिझेल जास्त व हवा कमी. हवेचा फिल्टर तुंबणे, नोझल खराब होणे, अतिभार किंवा पंख्यात अडकलेला दोर ही त्याची कारणे. पांढरा धूर न जळलेल्या डिझेलचा किंवा पाण्याच्या वाफेचा असतो. गार मशीन लागताना तो थोडा वेळ येणे स्वाभाविक आहे, मात्र मशीन गरम झाल्यावरही टिकला तर सिलिंडरमध्ये पाणी येत असल्याची शंका घ्यावी. निळा धूर वंगण जळत असल्याची खूण होय.

चार्जिंगचा फसवा दोष

जुन्या घडणीच्या डिझेल मशीनला एकदा चालू झाल्यावर विजेची गरज नसते. चार्जिंग बंद पडले, तरी मशीन दिवसभर चालते, जाळे ओढले जाते आणि होडी घरी येते. दोष कळतो तो मशीन पुन्हा चालू करताना, आणि ही वेळ बहुधा पहाटेची किंवा नांगर उचलल्यानंतरची असते. इलेक्ट्रॉनिक मशीन मात्र वीज एका मर्यादेखाली गेली की चालता चालताच बंद पडते. दोन्ही प्रकारांत चार्जिंगची तपासणी दोष दिसण्यापूर्वी करावी लागते.

त्यासाठी साधा मल्टीमीटर पुरेसा आहे. पुढील आकडे १२ व्होल्टच्या बॅटरीचे आहेत. मोठ्या होड्यांवर २४ व्होल्टची जोडणी असल्यास ते दुप्पट धरावेत.

सकाळी, काहीही चालू करण्यापूर्वी बॅटरीवर १२.६ व्होल्टच्या आसपास आकडा मिळाला, तर ती पूर्ण भरलेली आहे. १२.२ म्हणजे सुमारे अर्धी, आणि १२ च्या खाली म्हणजे जवळजवळ उतरलेली. स्टार्टर मारताना आकडा साधारण ९.६ च्या खाली जाऊ नये. सकाळी १२.६ दाखवणारी बॅटरी स्टार्टर मारताना ८ वर कोसळली, तर दोष बॅटरीच्या आत आहे.

मशीन मध्यम वेगात चालू असताना बॅटरीवर १३.८ ते १४.४ व्होल्ट मिळाले पाहिजेत. आकडा वाढतच नसेल, तर चार्जिंग होत नाही. तो १५ च्या पुढे जात असेल, तर रेग्युलेटर बिघडला आहे. अशी बॅटरी उकळते, पाणी खाते आणि लवकर निकामी होते.

पुढची पायरी बहुतेकजण वगळतात. मीटर बॅटरीवरून काढून अल्टरनेटरच्या मागील जाड टर्मिनलवर लावावा. बोलण्यात त्याला आजही 'डायनामो'च म्हटले जाते. तेथे १४.४ आणि बॅटरीवर १३.२ असा फरक दिसला, तर अल्टरनेटर निर्दोष असून वीज वाटेत मुरते आहे. अर्ध्या व्होल्टहून मोठा फरक म्हणजे मधल्या तारेत, फ्यूजमध्ये किंवा जोडात गंज आहे. अशा वेळी अल्टरनेटर बदलून काहीच साधत नाही. वर्षाला बॅटरी बदलूनही तक्रार कायम राहते ती बहुधा अशाच होड्यांवर.

दोन्ही ठिकाणी आकडा १२ च्या घरातच राहिला, तर पट्टा पाहावा. अंगठ्याने दाबल्यावर तो साधारण १० ते १२ मिलिमीटर दबला पाहिजे. चकाकणारा पट्टा घसरतो. त्याखाली काळी भुकटी साचलेली दिसते. पट्टा ठीक असल्यास चावी चालू केल्यावर चार्जिंगचा लाल दिवा लागतो का, ते पाहावे. अनेक मशीनवर या दिव्यातून जाणारी थोडीशी वीजच अल्टरनेटरला जागे करते. दिव्याचा बल्ब उडाला की निर्दोष अल्टरनेटरही वीज देईनासा होतो. या तपासण्यांनंतरच कार्बन ब्रश, रेग्युलेटर व डायोड यांच्यासाठी अल्टरनेटर उतरवून ऑटो-इलेक्ट्रिशियनकडे न्यावा.

मशीन चालू असताना बॅटरीची तार सोडून 'चार्जिंग आहे का' हे पाहण्याची जुनी पद्धत डायनामोच्या काळातली आहे. अल्टरनेटरवर ती वापरली, तर डायोड जळतात. याच कारणाने दोन बॅटरींचा निवड-स्विच मशीन चालू असताना 'बंद'वर नेऊ नये.

विजेचा हिशेब

कित्येकदा यंत्रणेत काहीच बिघाड नसतो, खर्च मिळकतीपेक्षा जास्त असतो. पूर्वी होडीवर दोन दिवे असत. आता जीपीएस, मासे शोधणारे यंत्र, व्हीएचएफ, मोबाइलचे चार्जिंग आणि तळातील पाणी उपसणारा पंप यांची भर पडली आहे. समजा, दिव्यांना ४, उपकरणांना ३ आणि पंपाला सरासरी १ असा ८ अँपिअरचा भार आहे. जाळे टाकून मशीन बंद करून ६ तास थांबल्यास ४८ अँपिअर-तास खर्च होतात, म्हणजे १०० अँपिअर-तासांची बॅटरी निम्मी रिकामी होते. ती भरून काढण्यास चालू भार वगळून २० अँपिअर मिळत असतील, तरी अडीच तासांहून अधिक काळ मशीन चालावे लागेल. मंद वेगात अर्धा तास फिरवून हा हिशेब पुरा होत नाही.

अर्धवट भरलेली बॅटरी आठवडेच्या आठवडे तशीच राहिली, तर तिच्या पट्ट्यांवर सल्फेटचा कठीण थर बसतो आणि तिची साठवण कायमची घटते. यावर दोन उपाय आहेत. दिवे एलईडीचे करणे आणि मशीन चालू करण्यासाठी स्वतंत्र बॅटरी राखणे. ही दुसरी बॅटरी दिव्यांसाठी वापरली गेली नाही, तर रात्र कशीही गेली, तरी पहाटे मशीन लागते.

धोका ओळखा

चार्ज होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो, तो ठिणगीने स्फोटक होतो. बॅटरीची पेटी हवेशीर असावी आणि तिच्याजवळ बिडी ओढू नये. तार काढताना प्रथम ऋण आणि जोडताना शेवटी ऋण हा क्रम पाळावा. तळातील खारे पाणी बॅटरीत शिरले, तर विषारी क्लोरीन वायू तयार होतो. बॅटरी उंचावर आणि घट्ट बांधून ठेवण्याचे हे मोठे कारण आहे. बॅटरीत खाडीचे किंवा विहिरीचे पाणी न घालता केवळ डिस्टिल्ड वॉटरच घालावे.

पावसाळ्यातील दोन महिने

मासेमारी बंदीच्या काळात होड्या किनाऱ्यावर ओढल्या जातात. जाळी विणणे व रंगरंगोटी यांत मशीन मागे पडते आणि नारळी पौर्णिमेच्या सुमारास धावपळ उडते. होडी ओढताना घेतलेली थोडी काळजी ही धावपळ वाचवते.

बॅटरी घरी नेऊन महिन्यातून एकदा चार्ज करावी. टाकीच्या तळाचे पाणी सोडावे. रिकाम्या धातूच्या टाकीत दमट हवेचे पाणी साचते, म्हणून सुरक्षित जागा असेल तर टाकी भरलेली ठेवावी. खाऱ्या पाण्याच्या वाटा गोड्या पाण्याने धुऊन रिकाम्या कराव्यात. वंगण व त्याचा फिल्टर हंगामाच्या शेवटीच बदलावा, कारण जुन्या तेलातील आम्ल दोन महिने बेअरिंगवर काम करत राहते. तळावरील जस्ताचे तुकडे निम्म्याहून अधिक झिजले असतील तर बदलावेत. ते स्वतः झिजून पंखा व दांडा वाचवतात, त्यामुळे त्यांना रंग लावू नये. विजेचे जोड उघडून घासावेत आणि व्हॅसलीन किंवा ग्रीसचा पातळ हात द्यावा. नवी तार घालताना कथिल चढवलेली तांब्याची तार घ्यावी.

प्रवासी लाँचना महाराष्ट्र सागरी मंडळाची तपासणी आवश्यक असते. परंतु वर्षातून एकदा होणारी तपासणी रोजच्या नजरेची जागा घेऊ शकत नाही.

चौकट : धक्का सोडण्यापूर्वी पाच मिनिटे

• तेलाची काठी : पातळी आणि रंग
• आतल्या पाण्याची पातळी. बाहेरच्या पाण्याची तोटी उघडी
• डिझेल काठीने मोजलेले. फिल्टरच्या वाटीत पाणी नाही
• पट्टा घट्ट, टर्मिनल घट्ट
• बॅटरी १२.४ व्होल्टपेक्षा कमी नाही
• मशीन लागल्यावर बाहेरची धार नेहमीसारखी. चार्जिंगचा दिवा विझलेला
• गिअर पुढे-मागे टाकून पाहिला
• नांगर व दोर हाताशी

सोबत ठेवावे : डिझेल फिल्टर व वायसर, इम्पेलर, पट्टा, फ्यूज, बल्ब, नळीचे क्लॅम्प, पाने, मल्टीमीटर, विजेरी.

मदतीसाठी : तटरक्षक दल १५५४, सागरी सुरक्षा १०९३, आपत्कालीन सेवा ११२, व्हीएचएफ चॅनल १६.